शेवटच्या वर्षाचा वर्ग मुलांच्या हाती देताना

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं साधारण १० ते ११ वर्षांची असतात. आज ती शाळेत सगळ्यांत मोठी आहेत, काही महिन्यांनी पुढच्या शाळेत सगळ्यांत धाकटी होतील. या मधल्या वर्षात त्यांना जबाबदारी द्यावी हे कुणीही मान्य करेल. प्रत्यक्षात मात्र फळा पुसणं आणि वह्या गोळा करणं एवढंच वाट्याला येतं, आणि ते दुसरीतलं मूलही करतं.

काम निवडताना एकच कसोटी लावावी: हे काम झालं नाही, तर कुणाचं तरी अडेल का? अडत नसेल तर मुलं ते दोन आठवड्यांत सोडून देतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पुढचे सगळे उपक्रम याच कसोटीवर निवडलेले आहेत.

कामं: पंधरा जोड्या, चार आठवड्यांची पाळी

३० मुलांचा वर्ग धरला तर १५ कामं काढावीत आणि प्रत्येक काम दोघांकडे द्यावं. हजेरीचा आकडा कार्यालयात पोचवणं, वर्गातल्या पुस्तकांची देवघेव, झाडांना पाणी, सुट्टीतलं खेळाचं साहित्य मोजून देणं नि मोजून घेणं, रोज ठरल्या वेळी तापमानाची नोंद, साहित्याचं कपाट, तास संपायच्या ५ मिनिटं आधी खूण करणं अशी कामं सहज निघतात.

खरी गंमत पाळीत आहे. जोडी एकदम बदलू नये. दर दोन आठवड्यांनी जोडीतलं एकच मूल बदलावं. म्हणजे प्रत्येक मूल पहिले दोन आठवडे काम शिकतं, पुढचे दोन आठवडे नव्याला शिकवतं आणि मग बाहेर पडतं. शिक्षकाला दर वेळी पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. पहिल्या फेरीत मात्र सगळेच नवे असतात. तेव्हा रोज ३ जोड्या घेऊन आठवडाभरात पंधराही जोड्यांना काम करून दाखवावं. पहिल्या बदलाच्या वेळी प्रत्येक जोडीतलं एक मूल दोनच आठवड्यांत बाहेर पडेल. त्याला पुढच्या फेरीत पूर्ण पाळी मिळेल हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर रुसवे ठरलेले.

प्रत्येक कामाचं एक कार्ड करावं. त्यावर चारच ओळी: कधी, किती वेळ, काय लागतं, आणि झालं हे कसं ओळखायचं. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ‘कपाट नीट लावणे’ यावर दोन मुलं तासभर भांडू शकतात. ‘कात्र्या ८, पट्ट्या ३०, डिंकाची झाकणं बंद’ यावर भांडता येत नाही.

या सगळ्यांत अनुपस्थित मुलांसाठीची ‘आजची वही’ हे काम विशेष जपावं. त्या दिवशी वर्गात काय झालं हे जोडी लिहून ठेवते आणि परतलेलं मूल आधी ती वही उघडतं. सुरुवातीला नोंदी ‘गणित झालं, भाषा झाली’ अशा येतात. त्यांचा उपयोग शून्य. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी हव्यात: पुस्तकातलं पान, वहीत काय केलं, घरी काय करायचं आहे. परतलेल्या मुलानं नोंदीखाली ‘कळलं’ किंवा ‘अमुक कळलं नाही’ असं लिहावं. लिहिणाऱ्याला वाचणारा भेटला की नोंदी आपोआप सुधारतात.

एक काम मात्र देऊ नये: बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं. ते करणारं मूल तासभर इतरांवर पाळत ठेवतं, त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो आणि मैत्रीही तुटते.

वर्गसभा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, २५ मिनिटं. बाकं मागे सारून गोल बसावं. शिक्षकही त्याच गोलात बसतात आणि बोलायचं असेल तर हात वर करतात. अध्यक्ष, लेखनिक आणि वेळ पाहणारा ही तीन पदं दर सभेला बदलतात.

विषय आठवडाभर पेटीतल्या चिठ्ठ्यांतून येतात. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव असावं, पण तक्रारीत दुसऱ्या मुलाचं नाव नसावं. ‘अमका रांग मोडतो’ असं न लिहिता ‘पाण्याच्या नळाशी रांग मोडते’ असं लिहायचं. सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षानं शिक्षकांसोबत चिठ्ठ्या पाहून जास्तीत जास्त ३ विषय निवडावेत. पाच घेतले तर एकही तडीस जात नाही.

पहिल्याच सभेत एक तक्ता भिंतीवर लावावा. त्यात तीन रकाने: मुलं स्वतः ठरवतील अशा गोष्टी (बसण्याची रचना, कामांची यादी, खेळाच्या साहित्याचे नियम), मुलं सुचवतील पण शिक्षक ठरवतील अशा गोष्टी (गृहपाठाचा दिवस, सहलीतले गट), आणि सभेत बदलणार नाहीत अशा गोष्टी (सुरक्षेचे नियम, शाळेची वेळ). हा तक्ता नसेल तर तिसऱ्या सभेत कुणीतरी ‘गृहपाठ बंद’ असा ठराव आणतं, तो मंजूर होतो, शिक्षक तो फेटाळतात आणि वर्गसभा तिथेच संपते.

मतदान घाईनं घेऊ नये. १६ विरुद्ध १४ असा निर्णय झाला की १४ मुलं तो नियम मोडायची वाटच पाहतात. आधी ‘हा निर्णय कुणाला अजिबात चालणार नाही, आणि का?’ हे विचारावं. त्या हरकतीप्रमाणे ठराव थोडा बदलला की बहुतेक वेळा मतदानाची गरजच उरत नाही. प्रत्येक निर्णय दोन आठवड्यांच्या प्रयोगासाठी घ्यावा आणि लेखनिकानं पुन्हा तपासायची तारीख शेजारी लिहावी.

तीच पाच मुलं बोलतात ही नेहमीची अडचण. प्रत्येक विषयावर आधी एक मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्यावं. जे मूल गोलात बोलायला कचरतं, ते शेजाऱ्यानं सुचवलेलं वाक्य मांडायला सहसा तयार होतं. शिवाय प्रत्येकाला दोन खडे द्यावेत. बोललं की एक खडा मध्ये टाकायचा, खडे संपले की ऐकायचं.

मारहाण, चिडवाचिडवी किंवा एखाद्याला सतत वाळीत टाकणं हे विषय वर्गसभेत आणूच नयेत. ज्याला त्रास होतोय त्याला तीस जणांसमोर बसवणं म्हणजे तोच त्रास पुन्हा देणं. अशी चिठ्ठी पेटीत आली तर शिक्षकांनी ती बाजूला काढून त्याच दिवशी त्या मुलाशी एकटं बोलावं.

वर्गाचं हस्तलिखित

वर्षातला सगळ्यांत भरीव उपक्रम हाच. भाषा, मोजमाप, चित्रकला आणि संयम यांची त्यात एकदम कसोटी लागते. आठवड्याला दोन तास धरले तर ६ आठवडे लागतात: पहिला विषय ठरवण्यात, दुसरा-तिसरा कच्च्या लेखनात, चौथा दुरुस्तीत, पाचवा सुवाच्य प्रत काढण्यात, सहावा बांधणीत.

आधी पृष्ठांचा हिशेब. ए-फोर कागद मधोमध दुमडला की १४.८ × २१ सेंमीची ४ पृष्ठं मिळतात. म्हणून एकूण पृष्ठं नेहमी ४ च्या पटीतच येतात. ५ कागद एकात एक घातले की २० पृष्ठं. पहिल्यावर शीर्षक, दुसऱ्यावर अनुक्रमणिका, १९ व्या पृष्ठावर कोड्यांची उत्तरं, विसावं वाचकांच्या अभिप्रायासाठी कोरं. उरली १६. प्रत्येकाला अर्धं पृष्ठ दिलं तर ३२ जागा, म्हणजे ३० मुलं आणि दोन चित्रं.

अर्ध्या पृष्ठात मावतं किती? शिवणीकडे २ सेंमी आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड सेंमी समास सोडला, तर लिहायला सुमारे ११ × ८.५ सेंमी जागा उरते. ८ मिलिमीटरच्या ओळी आखल्या तर १० ओळी येतात. शीर्षक आणि नाव वजा जाता ८. या वयाच्या अक्षरात एका ओळीत ६-७ शब्द बसतात. म्हणजे एका मुलाचा मजकूर ५० शब्दांचा. हा आकडा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा. तो उशिरा सांगितला तर कुणाचं दोनशे शब्दांचं लेखन कापावं लागतं आणि डोळ्यांत पाणी येतं.

विषय मोकळा सोडला की उतरवून आणलेले विनोद आणि सुविचार येतात. त्यावर उपाय म्हणजे या वर्गाबाहेर कुणाला माहीत नसेल असंच लिहायचं, ही अट. सकाळी शाळेचं कुलूप उघडणाऱ्या व्यक्तीला विचारलेले ३ प्रश्न. मैदानावरची सावली १०, १२ आणि ३ वाजता कुठे होती याचा नकाशा. वर्गानं शोधलेल्या खेळाचे नियम, असे की वाचून दुसऱ्याला खेळता यावं. वर्गाची पाहणी आणि तिचा स्तंभालेख. पाहणीत उत्तराचे पर्याय ५ पेक्षा जास्त देऊ नयेत. ‘आवडतं पुस्तक कोणतं?’ असं मोघम विचारलं तर ३० वेगळी उत्तरं मिळतात आणि स्तंभालेखात एकेक चौकोनाचे तीस बुटके उभे राहतात.

दुरुस्ती तीन वेगळ्या बैठकांत करावी. पहिल्या बैठकीत लिहिणारा मोठ्यानं वाचतो, जोडीदार फक्त ‘इथे मला कळलं नाही’ एवढंच म्हणतो. दुसऱ्या बैठकीत वाक्यं तोडायची नि जोडायची. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं तिसऱ्या बैठकीत. क्रम उलटला तर मुलं शुद्ध केलेलं वाक्य वाईट असलं तरी सोडायला तयार होत नाहीत. शिक्षकांनी लाल पेन खिशातच ठेवावं. शंका असलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ पुरे, बरोबर रूप मुलानं स्वतः शोधावं.

आता ज्यात हमखास घोटाळा होतो ते: कोणत्या कागदावर कोणती पृष्ठं. दुमडलेल्या कागदांवर पृष्ठं शेजारी शेजारी क्रमानं येत नाहीत. सगळ्यांत बाहेरच्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला डावीकडे २० आणि उजवीकडे १ असतं, आतल्या बाजूला २ आणि १९. पुढचे कागद असे: १८–३ आणि ४–१७, १६–५ आणि ६–१५, १४–७ आणि ८–१३, आणि सगळ्यांत आतला १२–९ आणि १०–११. कोणत्याही बाजूवरच्या दोन आकड्यांची बेरीज २१ येते. हे मुलांना सांगू नये. वहीच्या कागदाचे छोटे पाच तुकडे दुमडून, क्रमांक घालून, पुन्हा उलगडायला लावावेत. बेरजेचा नियम कुणीतरी ओरडून सांगतंच. मग विचारावं, ७ कागद घेतले तर बेरीज किती? (२८ पृष्ठं, म्हणून २९.)

सुवाच्य प्रत थेट त्या कागदांवर लिहू नये. एकानं शाई सांडली तर चौघांची पृष्ठं जातात. प्रत्येकानं ११ × ८.५ सेंमीच्या चिठ्ठीवर लिहावं आणि चिठ्ठ्या शेवटी चिकटवाव्यात. पातळ डिंकानं कागद सुरकुततो, म्हणून ग्लू स्टिक वापरावी आणि कडांना पोचेल अशी लावावी. छायाप्रती काढायच्या असतील तर लेखन काळ्या शाईतच हवं. पेन्सिल आणि फिकट निळी शाई प्रतीत पुसट येते. कडेपासून निदान अर्ध्या सेंमीच्या आत काही महत्त्वाचं नको, यंत्र तो भाग बहुधा गाळतं.

बांधणीची पद्धत:

१. पाचही कागद वेगवेगळे दुमडून घडीवर पट्टी फिरवावी, मग एकात एक घालावेत. सगळे एकदम दुमडले तर घड्या जुळत नाहीत.
२. बाहेरून जाड कागदाचं मुखपृष्ठ घालून कडेला चिमटे लावावेत.
३. घडीवर तीन खुणा: एक मधोमध, बाकी दोन वरच्या आणि खालच्या टोकापासून ३ सेंमीवर. खाली जाड पुठ्ठा ठेवून दाभणानं भोकं पाडावीत. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच.
४. सुमारे ५५ सेंमी जाड दोरा घ्यावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, १० सेंमीचं टोक आत ठेवावं. बाहेरून वरच्या भोकात आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि शेवटी बाहेरून मधल्या भोकात परत आत.
५. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली आहेत ना, पाहावं. मगच दोरा घडीच्या दिशेनं ओढून टाक्यावर गाठ मारावी. टोकं एकाच बाजूला असली तर गाठ टाक्याला धरत नाही आणि वही सैल राहते. दोरा कागदाच्या काटकोनात ओढला तर भोक फाटतं.

एक प्रत वर्गात, एक खालच्या वर्गात ठेवावी. विसाव्या पृष्ठावरचे अभिप्राय परत आले की ते वर्गात वाचावेत, टीकेसकट.

सूर्यमाला मैदानावर

भिंतीवरच्या तक्त्यात ग्रहांचे आकार एका प्रमाणात आणि अंतरं दुसऱ्याच प्रमाणात असतात, त्यामुळे सूर्यमाला गच्च भरलेली वाटते. १० अब्ज पट लहान प्रतिकृती हा गैरसमज घालवते, आणि आपल्या मोजणीत तिचा हिशेब तोंडी जमतो: १ सेंमी म्हणजे १ लाख किमी, १ मीटर म्हणजे १ कोटी किमी.

सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किमी, म्हणजे १४ सेंमीचा चेंडू. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किमी, म्हणजे १.३ मिलिमीटरचा ठिपका, आणि तो सूर्यापासून १५ मीटरवर. चंद्र तिच्यापासून ४ सेंमीला थोडा कमी. बुध ५.८ मीटरवर, शुक्र १०.८, मंगळ २३, गुरू ७८ (व्यास सुमारे १४ मिलिमीटर), शनी १४३, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटरवर.

हे आकडे मुलांना तयार देऊ नयेत. किलोमीटरमधली अंतरं द्यावीत, दशांशचिन्ह त्यांना हलवू द्यावं. ठिपके साध्या डोळ्यांना दुरून दिसणार नाहीत, म्हणून प्रत्येक ठिपका वहीएवढ्या कार्डावर काढून कार्ड काठीला लावावं. अंतर पावलांनी मोजू नये. दर ५ मीटरवर गाठ मारलेला दोर घ्यावा. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, त्यामुळे गाठी दोर ताणूनच माराव्यात. मंगळापर्यंत सगळं जवळपास कुठल्याही मैदानात बसतं. गुरूपुढचं बसत नसेल तर नकाशावर दाखवावं.

या मापात प्रकाश सेकंदाला ३ सेंमी सरकतो. एका मुलानं सूर्यापासून दर १० सेकंदांना ३० सेंमी असं सरकत जायचं. पृथ्वीला पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात आणि चौथ्या मिनिटाला सगळे कंटाळतात. त्या कंटाळ्यानंच अंतर कळतं. सूर्याखेरीज सगळ्यांत जवळचा तारा याच मापात सुमारे ४,००० किमीवर येईल हे नंतर सांगावं.

दुसऱ्या दिवशी खालच्या वर्गांना बोलवावं. प्रत्येक ग्रहाशी दोन मुलं, प्रत्येकी ३ वाक्यं, पाठ केलेली नव्हे. ऐकणारी सहा-सात वर्षांची असतील तर ‘व्यास’ न म्हणता कसं सांगायचं, याची तयारी आदल्या दिवशी करून घ्यावी. आणि खऱ्या सूर्याकडे कुणी पाहायचं नाही, हे दोन्ही वर्गांना बजावावं.

धाकट्यांना वाचून दाखवणं

आठवड्याला १५ मिनिटं, सलग ८ आठवडे, पहिल्या वर्गातल्या एकाच मुलाबरोबर. मोठ्या मुलानं पुस्तक आधी तीनदा मोठ्यानं वाचलेलं असावं आणि ‘आता काय होईल?’ असं विचारायच्या दोन जागा ठरवलेल्या असाव्यात. शेजारी बसावं, समोर नाही, म्हणजे दोघांना चित्रं सुलट दिसतात. पान धाकट्यानं उलटायचं, त्यामुळे मोठ्याचा वेग आपोआप उतरतो. धाकटं मूल चुकीचा अंदाज बांधेल, त्याला ‘चूक’ म्हणायचं नाही, पुढे वाचायचं.

याचा सगळ्यांत मोठा फायदा शेवटच्या वर्गातल्या अडखळत वाचणाऱ्या मुलाला होतो. सोपी पुस्तकं हातात घ्यायला एरवी त्याला लाज वाटते. इथे ती पुन्हा पुन्हा वाचायला त्याच्याकडे चारचौघांत सांगता येईल असं कारण असतं. जोड्या लावताना हे मनात ठेवावं, बोलून दाखवू नये.

शेवटचे सहा आठवडे

पुढच्या शाळेची भीती बहुधा अभ्यासाची नसते. वर्ग सापडेल का, डबा कुणासोबत खायचा, वही विसरली तर काय, असे प्रश्न असतात. ते चिठ्ठ्यांवर घेऊन गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांना उत्तरं द्यायला बोलवावं. शिक्षकांच्या दहा वाक्यांपेक्षा त्यांचं एक वाक्य मुलांना खरं वाटतं.

सरावही हवा. चौथ्या आठवड्यापासून शिक्षकांनी आपापसांत काही तास बदलून घ्यावेत, म्हणजे विषयागणिक नवी व्यक्ती समोर येते. वेळापत्रक फक्त आठवड्याच्या सुरुवातीला दाखवावं, मुलांनी ते उतरवून घ्यावं आणि दप्तर त्याप्रमाणे भरून आणावं. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाच्या वह्या चुकतील. चुकायची जागा हीच आहे, तेव्हा शिक्षा नको. गृहपाठ आज दिला आणि तीन दिवसांनी मागितला, असंही दोनदा करावं. रोजचा गृहपाठ रोज देण्याची सवय असलेली मुलं इथे अडकतात, कारण मधल्या दोन दिवसांत वही उघडायची आठवण कुणी करत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात कामांची कार्डं पुन्हा बाहेर काढावीत. वर्षभरात पेन्सिलीनं केलेल्या दुरुस्त्या धरून ती नव्यानं लिहावीत, आणि शाळाभर चालणाऱ्या कामांच्या जोड्यांनी खालच्या वर्गातल्या एकेका मुलाला दोन दिवस सोबत घेऊन काम करून दाखवावं. नव्यानं ते एकदा एकट्यानं केलं, कार्डावरच्या चौथ्या ओळीशी ताडून पाहिलं, की कार्ड त्याच्या हातात द्यावं.